चुंबकाला फुटलेली दाढी

रात्री अकराच्या सुमारास दुधाला विरजण लावायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा फ्रिजच्या डाव्या अंगाला, बरोबर माझ्या भाचीच्या खांद्याच्या उंचीवर, एक चुंबक चिकटलेले दिसले. आमच्या फ्रिजच्या दारावर चुंबकांची वानवा नाही. देवस्थानांहून आणलेली आहेत, गॅसवाल्याने वाटलेले एक आहे, एक अर्धवट तुटलेला हापूस आंबाही आहे. हे त्यांच्यातले नव्हते. आकाराने रुपयाच्या नाण्याएवढे, पण चारपाच नाणी एकावर एक ठेवावीत इतके जाड, आणि घासून ठेवलेल्या चांदीच्या वाटीसारखे लख्ख. मुख्य म्हणजे त्याला दाढी फुटली होती. बारीक, काळे, ताठ केस त्याच्या कडेने चहूबाजूंना उभे होते. मी ते ओढून काढायला गेले तर निघेना. शेवटी घसरवत फ्रिजच्या कडेपर्यंत नेले आणि तिथून नखाने उचलले, तेव्हा बोटांना किंचित ओलसर माती लागली. बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीतली माती होती ती. चुंबक ओळखायला मला क्षणही लागला नाही. त्याच दिवशी दुपारी गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात माझ्या भाचीने ते तांब्याच्या नळीत सोडताना मी पाहिले होते. एकदा नव्हे, अकरा वेळा. मी मोजले होते.

मोजण्याची खोड मला नोकरीने लावली. मी बँकेत रोखपाल आहे. संध्याकाळी रोकड जुळली नाही, मग फरक दहाच रुपयांचा का असेना, की घरी जाता येत नाही. कमी भरली तर खिशातून घालावे लागतात, आणि जास्त भरली तर झोप लागत नाही, कारण ते पैसे कोणाचे तरी असतात. त्यामुळे त्या सभागृहातल्या टेबलावर आता एक चुंबक कमी आहे आणि कोणी तरी मुलगा सामान आवरताना ते टेबलाखाली वाकून शोधतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आतल्या खोलीत भाची चादर लाथाडून गाढ झोपली होती. तिला उठवून विचारावे असे वाटले, आणि विचारू नये असेही तितकेच वाटले. विरजण लावायचे राहूनच गेले.

आम्ही तिला चिऊ म्हणतो. सातवीत गेल्यापासून तिला हे नाव आवडत नाही, पण घरात अजून तेच चालते. माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे आणि फेब्रुवारीचा शेवट म्हणजे बाग ऐन काढणीला आलेली असते. व्यापारी, मजूर, क्रेट आणि गाड्या यांच्या धांदलीत त्याला मान वर करायला फुरसत नसते. विज्ञान दिनाच्या निमित्ताने नाशिकला हाताळून पाहायच्या उपकरणांचे प्रदर्शन भरले आहे, हे तिला शाळेतल्या बाईंकडून कळले, आणि पुढचा आठवडाभर तिने रोज रात्री मला फोन केला. "आत्या, शनिवारी शेवटचा दिवस आहे," हे एकच वाक्य ती निरनिराळ्या सुरांत ऐकवीत असे. चौथा शनिवार असल्याने बँकेला सुट्टी होती, तेव्हा मलाही सबब उरली नाही. सकाळची शाळा बुडवून, गावातल्या एका काकूंच्या सोबतीने ती पहिल्या एसटीने आली. शाळा बुडवून विज्ञान पाहायला यायचे, यातली गंमत तिलाही कळत होती. उतरल्याबरोबर मी तिला मिसळ खायची का म्हणून विचारले. नाशकात आलेल्या पाहुण्याला हा प्रश्न विचारणे हे आमचे नित्यकर्म आहे. तिने उत्तर न देता रिक्षाकडे बोट दाखवले.

सभागृहाच्या दाराशीच पाटी होती: 'कृपया प्रत्येक उपकरणाला हात लावा.' ती पाटी वाचूनही मी आत शिरताना "चिऊ, काही पाडू नकोस हं," असे म्हणालेच. तिला ते ऐकू गेले नसावे, कारण तिथे काहीच ऐकू येण्यासारखे नव्हते. ब्लोअरची घरघर, स्टीलच्या गोळ्यांचे उतरणीवरून गडगडणे, मध्येच कुठे तरी ठिणगी उडाल्याचा तडतडाट, आणि या सगळ्यावर दीडदोनशे मुलांचा तो एकसंध कलकलाट, जो लांबून पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा वाटतो. ठिणग्या पाडणाऱ्या यंत्राजवळ ओझोनचा नाकात टोचणारा वास होता; बाकी सगळीकडे नव्या प्लायवुडचा आणि शाळकरी मोज्यांचा. चिऊ दारात एक क्षण थांबली, पंगतीत काय काय वाढले आहे याचा अंदाज घ्यावा तशी तिने एक नजर फिरवली, आणि पाठीवरची सॅक काढून न पाहताच माझ्या हातात दिली. पुढचे चार तास ती सॅक, पाण्याची बाटली आणि माझी पर्स यांचा भार वाहत मी तिच्या मागून हिंडत होते.

सभागृहाच्या दोन टोकांना परातीसारख्या दोन प्रचंड खोलगट तबकड्या समोरासमोर उभ्या केल्या होत्या. एका तबकडीच्या मध्याजवळ तोंड नेऊन कुजबुजले की तो आवाज तिच्या पृष्ठभागावरून उलटून सरळ पलीकडे जातो आणि दुसऱ्या तबकडीपुढे पुन्हा एका बिंदूत गोळा होतो. मधल्या गोंगाटाला त्याचा पत्ताही लागत नाही. पलीकडच्या तबकडीपुढच्या स्टुलावर एक टोपीवाले आजोबा बसले होते, उपकरण पाहायला नव्हे, तर पायांना विसावा म्हणून. चिऊने इकडून अगदी हळू विचारले, "बाबा, पाय दुखले का?" आजोबांनी आधी मागे पाहिले, मग वर पाहिले, आणि मग टोपी सारखी करून तबकडीला उत्तर दिले, "दुखत्यात की." ते उत्तर ऐकून ही जी हसत सुटली, ती पुढच्या तीन उपकरणांपर्यंत हसतच होती.

मला मात्र सगळ्यांत आवडली ती सावल्यांची भिंत. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एका पांढऱ्या भिंतीवर पडत होते आणि तिन्ही मिसळून भिंत पांढरीच दिसत होती. पुढे जाऊन उभे राहिले की मात्र आपल्या एका देहाच्या तीन सावल्या पडत, आणि त्यांतली एकही काळी नसे. तांबडा अडला तिथे आकाशी, निळा अडला तिथे पिवळी, आणि हिरवा अडला तिथे तो भडक गुलाबी, ज्याला आपल्या साड्यांच्या दुकानात राणी कलर म्हणतात. चिऊने हात पसरले, बोटे हलवली, एका पायावर उभी राहिली. भिंतीवर तीन रंगीत मुली तिची नक्कल करीत होत्या, आणि तिघींच्या सावल्या जिथे एकमेकींवर चढत, फक्त तिथे काळोख होता. "आत्या, तू पण ये ना," ती म्हणाली. माझ्या हातात सामान होते. मी फोटो काढला.

चेंडू हवेच्या झोतावर तरंगत ठेवणारे उपकरण तिला फारसे भावले नाही. झोत तिरका केला तरी चेंडू पडत नाही, तो झोताला धरून राहतो, हे तिने दोनदा करून पाहिले आणि "आमच्या ब्लोअरनं तर नुसती पानं हलतात," असे म्हणून ती पुढे गेली. त्यापुढे फटी पाडलेले एक पत्र्याचे पिंप होते. ते फिरवून फटीतून आत पाहिले की आतल्या कागदावरचा घोडा दौडू लागे. तिथे मला आमच्या गावचा अभिमान आठवला आणि मी तिला सांगितले की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे, त्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट पडद्यावर आणला. पण त्याआधी त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला होता आणि त्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली होती, म्हणजे अनेक दिवसांचे वाढणे पडद्यावर मिनिटादोन मिनिटांत दिसावे. ही गोष्ट सांगून झाल्यावर मुले साधारणतः आश्चर्य व्यक्त करतात. चिऊने विचारले, "आणि तोवर ती कुंडी कुणीच हलवली नाही?" शेतकऱ्याच्या घरची मुलगी आहे ती, पेरलेल्या वस्तूजवळ कोणकोण येऊन जाते हे तिला ठाऊक आहे.

मग आम्ही काचांच्या टेबलाशी आलो.

तिथे निळा टी-शर्ट घातलेला, अभियांत्रिकीला असावा असा एक मुलगा लोलक आणि भिंगे दाखवत होता. प्रकाश हवेतून पाण्यात किंवा काचेत शिरताना वाकतो, हे सांगून झाल्यावर त्याने समोरच्या मुलांना या वाकण्याचा उपयोग कशात होतो असे विचारले. चष्मा, दुर्बीण, कॅमेरा अशी अपेक्षित उत्तरे आली. चिऊ म्हणाली, "शुगर बघायला." दोनचार मुले हसली. तोही हसणार होता, पण हिने बोलणे थांबवले नाही. "द्राक्षाचा मणी दाबून रस काचेवर टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं दिसतं, खाली पांढरं. मधली रेघ जिथं असंल तेवढी शुगर. १८ आली की व्यापारी हो म्हणतो." त्या मुलाने तिला ते पुन्हा सांगायला लावले आणि पलीकडच्या टेबलावरच्या मित्राला हाक मारून बोलावले. रसात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश अधिक वाकतो आणि रेघ वर सरकते. त्यांनी हे उपकरण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहिले होते, पण बागेत उभे राहून कोणी त्याने सौदा तोडतो हे त्यांना माहीत नव्हते. मलाही नव्हते, हे इथे कबूल करते. भावाच्या शर्टाच्या खिशातली ती नळी मी इतकी वर्षे टॉर्च समजत होते. "तू किती वेळा बघितलंस त्यातून?" मुलाने विचारले. "एकदाच," चिऊ म्हणाली. "बाबा हातात देत नाहीत. ते जेवायला गेले होते, तेव्हा बघितलं."

रात्री दाढीवाले चुंबक हातात घेऊन उभी असताना मला नेमके हेच वाक्य आठवले.

तांब्याची नळी काचांच्या टेबलाशेजारच्याच टेबलावर होती. मीटरभर लांब, जाड भिंतीची, उभी बसवलेली, खाली स्पंजाची गादी. आधी त्याच मापाचा स्टीलचा तुकडा नळीत सोडायचा. तो वरून सोडलेला हात बाजूला होण्याआधी खाली पडलेला असे. मग चुंबक सोडायचे. चुंबक नळीत शिरले आणि काहीच झाले नाही. चिऊने खाली पाहिले, वर पाहिले, मग नळीच्या तोंडाला डोळा लावला आणि तशीच वाकून राहिली. आत ते नळीच्या भिंतींना न शिवता, विहिरीत पोहरा सोडावा तसे सावकाश उतरत होते. मी सहापर्यंत मोजले तेव्हा कुठे ते स्पंजावर आले. तिने चुंबक नळीला बाहेरून लावून पाहिले. ते चिकटले नाही. "हे तांब्याला चिकटत नाही, मग अडतं कशाला?" तिने विचारले. निळ्या शर्टातला दादा आपले टेबल सोडून इकडे आला होता. त्याने सांगितले की चुंबक खाली सरकते तसतसे नळीच्या प्रत्येक भागाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलत जाते, त्या बदलामुळे तांब्यात गोल गोल वीज फिरू लागते, आणि त्या विजेचे स्वतःचे चुंबकत्व पडणाऱ्या चुंबकाला विरोध करते; बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले आणि ती वीज नेहमी त्या बदलाच्या विरुद्ध वागते हा नियम लेन्झने १८३४ मध्ये सांगितला. पाठ केलेले असावे, पण चांगले सांगितले. चिऊ थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण ते थांबलं तर वीज पण थांबेल. मग परत पडेल." दादा काही बोलला नाही. "म्हणून ते थांबतच नाही," तिने स्वतःच पुढे सांगितले, "नुसतं हळू पडत राहतं." मी बँकेत तीस वर्षे काढली, पण कोणाचा हिशेब इतक्या चोख जुळलेला क्वचितच पाहिला असेल. त्यानंतर तिने ते पुन्हा पुन्हा सोडले. मागे मुले ताटकळत होती, एक आई माझ्याकडे पाहून घड्याळ पाहत होती. अकराव्या वेळी मी तिचा दंड धरला. "चल आता, मागे रांग आहे. अजून केवढं तरी बघायचं आहे."

त्या रात्री मी फोनमधले फोटो काढून बसले. टेबलावरच्या वाटीत अशी चुंबके तीन होती की चार, हे मला आठवेना. नोटांपासून मुलांच्या उड्यांपर्यंत सगळे मोजणाऱ्या मला वाटीतली चुंबके मोजायचे सुचले नव्हते. एका फोटोत वाटीवर कोणाचा तरी कोपर आला होता, दुसरा हललेला होता, तिसऱ्यात वाटी अर्धीच दिसत होती आणि तिच्यात दोन चुंबके होती, म्हणजे त्यावरून काहीच ठरत नव्हते. दिवसभरात मी ४३ फोटो काढले होते. एकाही उपकरणाला मी हात लावलेला नव्हता, हे मला त्या ४३ फोटोंनी सांगितले, कारण एकातही मी नव्हते.

आणि ती दाढी. ती मी याआधी पाहिली होती. आम्ही लहान असताना भावाला ग्रामपंचायतीच्या मोडक्या कर्ण्यातले चुंबक मिळाले होते, राखाडी रंगाची जड कडी. सुताची दोरी बांधून आम्ही ती कादवा नदीच्या वाळूतून ओढत नेत असू. शंभर पावले चालून उचलली की तिला काळ्या मिशादाढी फुटलेली असे. ती ओरबाडून आम्ही बाटलीत भरत होतो. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत पाऊण बाटली भरली. कागदावर ती काळी पूड पसरून खालून चुंबक फिरवले की पूड उभी राहून चालू लागे, मुंग्यांच्या रांगेसारखी. हे लोखंड नदीत आगगाडीच्या रुळांवरून झिजून येते, अशी भावाची ठाम समजूत होती आणि मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी असून ती मान्य केली होती. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचे, कण असतात आणि दगड झिजून ते वाळूत आणि मातीत उतरतात, हे मला फार उशिरा कळले. बाटली तोवर कुठे गेली कोण जाणे. चिऊला यातले काही मी सांगितले नव्हते, आणि तिच्या बाबानेही सांगितले नसणार. तो हल्ली औषधांचे दर आणि हवामान यांखेरीज फारसे बोलत नाही. तरी हातात चुंबक आल्यावर ती पहिल्यांदा मातीकडेच गेली.

शाळेत आम्हाला विज्ञान भेटले ते काचेच्या कपाटात. प्रयोगशाळेतल्या त्या कपाटात तांबडा रंग दिलेले नालाकृती चुंबक होते, त्याच्या दोन टोकांना जोडून ठेवलेली लोखंडी पट्टी होती, आणि कपाटाला कुलूप होते. सर समोर प्रयोग करीत आणि मागच्या बाकांवरून आम्हाला सरांची पाठ दिसे. उपकरणे, कृती, निरीक्षण, अनुमान अशा चार मथळ्यांखाली फळ्यावरचे उतरवून घेतले की प्रयोग झाला. निरीक्षण आम्ही कधीच केले नाही, पण ते सुवाच्य अक्षरात लिहिले. नववीत असताना सहल लाल गाडीने कसारा घाट उतरून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेली. ते केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले होते, तेव्हा तसे नवेच होते. तिथेही सगळे हाताळायचेच होते. पण आमच्याबरोबरचे शिक्षक काही मोडले तर भरपाई कोण देणार या धास्तीत होते, आणि आम्ही त्या अख्ख्या इमारतीतून हाताची घडी, तोंडावर बोट अशा अवस्थेत रांगेने गेलो. मला त्या सहलीतला समुद्र आठवतो. एकही उपकरण आठवत नाही.

झोप येत नव्हती म्हणून फोनवर वाचत बसले. सान फ्रान्सिस्कोत १९६९ साली एक्सप्लोरेटोरियम सुरू झाले आणि उपकरणाला हात लावू देणारी संग्रहालये पुढे जगभर वाढली, त्यात त्याचा मोठा वाटा होता. ते काढणारे फ्रँक ओपेनहायमर हे अणुबाँबवाल्या ओपेनहायमरांचे धाकटे भाऊ. पूर्वीच्या राजकीय संबंधांवरून त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोत काही वर्षे गुरे पाळली आणि मग तिथल्या गावच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवले. मला त्यांतले सगळ्यांत विलक्षण वाटले ते निराळेच: आपली उपकरणे कशी बनवायची हे त्या संस्थेने पाककृतींसारखे लिहून छापले, म्हणजे ज्याला हवे त्याने घरी नेऊन करावे. मी हातातल्या चुंबकाकडे पाहिले. पण कृती घरी नेणे आणि आख्खी करंजी उचलून नेणे यात फरक आहे, असेही मला वाटत राहिले.

परत करायचे तर स्वच्छ करून केले पाहिजे, म्हणून मी ते धुवायला घेतले. दाढी पाण्याने जाईना. पुसली की कण इकडून सुटत आणि तिकडे जाऊन बसत. शेवटी सकाळच्या पोळ्यांसाठी भिजवून ठेवलेल्या कणकेची गोळी तोडली आणि ती चुंबकावर दाबून दाबून उचलली. प्रत्येक वेळी कणकेवर काळा ठसा उमटत होता. रात्री दीड वाजता ओट्याशी उभी राहून मी एका चुंबकाची दाढी करत होते, आणि खरे सांगायचे तर तेवढा वेळ माझ्या मनात चोरी, हिशेब, संस्कार यांतले काहीही नव्हते.

सकाळी दूध पिताना मी तिला विचारले. तिने माझ्याकडे सरळ पाहून सांगितले, "त्या दादानंच दिला." मग मला का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तू रांग, रांग करत होतीस ना." हे खरे होते. मी तिला पुढे नेल्यावर ती एकदा बाटली राहिली म्हणून मागे गेली होती, हेही खरे होते. आणि बाटली तर माझ्याच हातात होती, हे मला आता आठवले. दादाने दिले असेल, हे मला पटत होते. साखरेची गोष्ट ऐकून त्या मुलाचा चेहरा कसा उजळला होता ते मी पाहिले होते. आणि बाबा जेवायला गेल्यावर खिशातली नळी काढून पाहणारी हीच मुलगी होती. दोन्ही गोष्टी सारख्याच पटण्याजोग्या असल्या की हिशेब कसा जुळवायचा, हे बँकेने मला शिकवलेले नाही.

नऊ वाजता आम्ही रिक्षा करून सभागृहापाशी गेलो. आत कोणाच्या तरी साखरपुड्याच्या खुर्च्या मांडणे चालले होते. गाडी रात्रीच भरून गेली, असे राखणदाराने सांगितले. जमिनीवर टेबलांच्या जागा दाखवणाऱ्या चिकटपट्ट्यांचे चौकोन तेवढे उरले होते, आणि चिऊ त्यांतल्या एका चौकोनात जाऊन उभी राहिली. आदल्या दिवशी नळी तिथेच उभी होती. राखणदार आतून एक प्लास्टिकचा चेंडू घेऊन आला. "हा खुर्च्यांखाली सापडला. तुमचा आहे का?" तो झोतावर तरंगणारा चेंडू होता. आम्ही नाही म्हणालो.

गाडीला वेळ होता म्हणून तिला गंगेवर नेले. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. दुतोंड्या मारुतीपाशी मी तिला सांगितले की पुराचे पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, गळ्यापर्यंत आले, असेच आम्ही एकमेकांना कळवतो. फूट आणि क्युसेक वर्तमानपत्रात येतात, पण खरे माप मारुतीचे. तिला ते पसंत पडले. मात्र तिला वाळू हवी होती, आणि घाटावर बघावे तिकडे सिमेंट आणि फरशी. पायऱ्यांच्या कोपऱ्यात वाहून आलेला थोडा गाळ साचला होता. त्यात तिने चुंबक फिरवले आणि ते पुन्हा दाढी घेऊन वर आले. माझी रात्रीची मेहनत फुकट गेली.

स्टँडवर मी तिला म्हणाले, "ते माझ्याकडे दे. मी त्या लोकांचा पत्ता शोधून विचारते. त्यांनी दिलंय म्हणाले तर तुला पाठवते." तिने निमूटपणे चुंबक माझ्या तळहातावर ठेवले. भांडली असती तर बरे झाले असते. गाडी सुटताना मात्र खिडकीतून डोके काढून ती ओरडली, "आत्या, तुझं घंगाळ तांब्याचं आहे ना? त्यात सोडून बघ!"

चुंबक एका पाकिटात घालून मी त्यावर तारीख घातली आणि 'परत' असे लिहिले. ते पाकीट अजून कपाटात आहे. त्या संध्याकाळी मात्र पाकिटाला डिंक लावण्यापूर्वी मी माळ्यावर चढले आणि आजेसासूबाईंचे घंगाळ खाली काढले. भांडीबाजारातून त्यांच्या लग्नात आलेले, जुन्या घडणीचे, जाड पत्र्याचे. गिझर आल्यापासून त्यात जुन्या गोधड्या असतात. चिंच लावून घासले, ओट्यावर ठेवले, आणि आधी एक रुपयाचे नाणे काठावरून आत सोडले. ते खणखणत तळाशी गेले, समोरच्या बाजूने वर चढले, परत आले, बराच वेळ डुगडुगत राहिले. मग चुंबक सोडले. ते तेलातून सरकावे तसे आवाज न करता काठावरून खाली उतरले, तळाशी पोचले आणि समोर चढण्याचा विचारही न करता तिथेच बसले. नळीतल्याइतके हळू नव्हते. पण अडत होते, न चिकटता. मी ते उचलून पुन्हा सोडले.

रात्री चिऊचा फोन आला. मागे क्रेट आपटल्याचा आवाज येत होता, भाऊ कोणाशी तरी दरावरून घासाघीस करीत होता.

"हळू आलं ना?" तिने विचारले.

"आलं."

"किती वेळा सोडलंस?"

मी मोजले नव्हते.